हाताची हमी

वहिनी माझ्या दुकानात कधी येत नसत. त्या दिवशी आल्या, आणि बसल्या नाहीत. मी स्टूल पुसून पुढे सरकवलं, ते त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, तो फोर्क करू नका."

माझं दुकान तेव्हा कसब्यात, तांबट आळीच्या मागच्या बोळात होतं. एक लेथ मशिन, एक हाताने दाबायचा प्रेस, वेल्डिंगचा सेट आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले जुने भाग. वाकलेले फोर्क सरळ करणं हा माझा धंदा. शहरात कुठेही मोटरसायकल समोरून आपटली की तिचा फोर्क माझ्याकडे यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फोर्क म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पाय. वर पाईप, तो खालच्या नळीत सरकतो, आत स्प्रिंग आणि तेल. रस्त्याचा दणका त्यात जिरायला हवा. जिरला नाही की हँडलातून सरळ तुमच्या मनगटात येतो.

शाळा मी चौथीपर्यंत केली. हे लिहितोय ते मीच लिहितोय. नात शुद्धलेखन बघते, पण मजकुराला मी तिला हात लावू देत नाही.

तर मी वहिनींना विचारलं, "का करू नको?"

"केलात तर हे गाडीवर बसतील."

"नाही केला तरी बसेल तो. जुन्या फोर्कवर बसेल, आणि मग हात जाईल. त्यापेक्षा नवा बरा."

"जुन्यावर नाही बसणार. भितात त्याला. बोलून दाखवत नाहीत, पण भितात. रविवारी गाडी पुसतात, किक मारतात, थोडा वेळ आवाज ऐकतात आणि बंद करून ठेवतात. तुम्ही नवा फोर्क बसवलात की ती भीती जाईल. मला ती घरात राहायला हवी आहे."

"वहिनी, दादा कुणाला भीत नाही."

वहिनी बालवाडीत शिकवायच्या. खडू खाणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि पदर खोचून बोळातून निघून गेल्या.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घर विश्रांतवाडीला, विहाराच्या मागच्या गल्लीत. तो खाली राहायचा, मी वर. भोसरीकडच्या एका मशिनच्या कारखान्यात तो स्क्रेपिंगला होता. हे काम आता फारसं कुणाला ठाऊक नाही. मशिनवर घासलेलं लोखंड डोळ्याला सपाट दिसतं, पण असत नाही. मग एका अगदी सपाट पाटाला निळा रंग लावायचा, तो पाट लोखंडावर फिरवायचा. जिथे उंचवटा असेल तिथे निळं लागतं. तेवढंच पात्याने खरवडून काढायचं. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं, पुन्हा खरवड. पात्याला लांब दांडा असतो. तो कमरेला, खुब्याच्या खोबणीत टेकवायचा, दोन्ही हातांनी पातं दाबून धरायचं आणि सगळं अंग पुढे लोटायचं. कीस निघायचा तो मुंगीच्या पंखाएवढा. आठवडाभर असं करत राहिलं की मशिनचा तो भाग आरशासारखा सपाट व्हायचा.

कारखान्यात म्हणायचे, याला हात आहे. आम्हीही घरी तेच म्हणायचो. दादाचा हात. बाकीच्या दादाबद्दल कुणी फारसं बोलायचं नाही.

त्या निळ्या रंगाने त्याच्या पँटी कायम बरबटलेल्या. वहिनी नळावर कपडे आपटताना म्हणायच्या, "जात नाही हो हा डाग. काही लावा, जात नाही." दादा म्हणायचा, "आपलाच रंग आहे. राहू दे की."

आणि रविवारी तो मोटोक्रॉसला जायचा. खराडीकडे तेव्हा मोकळा माळ होता. मातीचे ढिगारे घालून, खड्डे खणून त्यावर शर्यतीचा मार्ग आखलेला. दादाची गाडी जुनी टू-स्ट्रोक. कधीकाळी दुधाचे कॅन वाहिलेली. तिचा दिवा, मडगार्ड, साखळीचा डबा सगळं काढून आम्ही तिला हलकी केली होती, सायलेन्सर वर उचलला होता, मातीत पकड घेणारे बटण टायर घातले होते. कँपातली, बंगल्यातली पोरं यायची, त्यांच्या अंगावर रंगीत पोशाख आणि गुडघ्यांना ढाली. दादा कारखान्याचे बूट घालून उतरायचा. त्याने किती कप आणले ते मी सांगत नाही, लोकांना बढाई वाटते. घरात फळी कमी पडली एवढं सांगतो.

पण त्या गाडीचा फोर्क मुळात रस्त्याचा. जेमतेम वीतभर खाली-वर व्हायचा. उंच उडी मारली की पाईप तळाला जाऊन आदळायचा आणि टण्ण असा आवाज यायचा. तो आवाज माळाच्या दुसऱ्या टोकाला मला ऐकू यायचा आणि माझ्या दाढा दुखायच्या. एका शर्यतीत त्या दणक्याने दादाच्या उजव्या मनगटातलं एक बारीक हाड मोडलं आणि ते परत जुळलंच नाही. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर शांत माणूस होता. त्याने फोटो उजेडाला धरून आम्हाला ते हाड दाखवलं आणि म्हणाला, "जपून वापरलात तर हा हात तुम्हाला पुरेल. असा दणका पुन्हा बसला तर पेला धरायला उरेल, बाकी काही नाही."

दादाने मनगटाला चामड्याचा पट्टा बांधला आणि कामाला लागला. गाडी स्टँडवर गेली. त्याला काही वर्षं झाली होती.

मग ते दिवस आले. बाहेरचा माल आत यायला लागला, कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली. कारखान्यातला एकेक विभाग बंद पडायला लागला. माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी जायला लागली. दादा म्हणायचा, "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आपली." स्क्रेपिंगच्या विभागातही तेच होणार होतं. फक्त फोरमनने सांगितलं होतं की एका माणसाला ठेवणार आहेत, कारण नव्या मशिनच्या पाटालाही शेवटचा हात माणसाचाच लागतो. एक दादा आणि एक तळेगावहून येणारा, असे दोघं उरले होते. ज्याचा हात चांगला तो राहणार.

म्हणजे घर त्या मनगटावर उभं होतं. हे वहिनींना माहीत होतं, मला माहीत होतं, दादाला तर होतंच. पुतणीचं कॉलेज चालू होतं.

तुम्ही म्हणाल, मग गाडीवर बसायचं खूळ कशाला. त्याचंही सांगतो. खराडीचा तो माळ विकला गेला होता. तिथे काचेची इमारत होणार होती, कॉम्प्युटरवाल्यांची. त्याआधी माळावर शेवटची शर्यत ठेवली होती आणि तीत चाळिशीच्या वरच्यांची एक वेगळी फेरी होती, जुन्या गाड्यांची. जुने सगळे येणार होते. ज्या जागेवर तुम्हाला माणसं नावाने ओळखत होती ती जागा जाणार असेल तर तिथे एकदा जाऊन यावं वाटतं. वहिनींना हे समजत नव्हतं असं नाही. त्यांना समजत होतं, आणि तरी नको होतं.

फोर्क दादालाच सापडला, जुन्या बाजारात, रविवारी. कुणा बड्या घरच्या पोराने परदेशातून मोटोक्रॉसची गाडी आणली होती आणि कुठेतरी आपटली होती. गाडी तुकड्यातुकड्याने विकली गेली, तिचा फोर्क टीसकट एका पथारीवर, जुन्या पंख्यांच्या आणि नळांच्या मध्ये पडलेला. टी म्हणजे दोन्ही पाईपना वर जोडून ठेवणारा भाग; तिच्यातच एक खुंटा असतो, तो गाडीच्या मानेत फिरतो.

दादाने मला बोलावून नेलं. मी एक पाईप उचलून बंदुकीसारखा डोळ्याला लावला आणि फिरवला.

"परदेशी आहे मामा," पथारीवाला म्हणाला. "असं पुन्हा मिळायचं नाही."

"परदेशी आहे म्हणून वाकलाय का?"

"वाकलाय कुठे? वाक तुमच्या डोळ्यात असेल."

दादा म्हणाला, "अरे बाबा, सबंध पुण्याचे वाकलेले फोर्क हाच माणूस सरळ करतो. तू याला सांगतोस होय?"

"मग सरळ करणाऱ्याला वाकलेलाच द्यायचा ना," पथारीवाला म्हणाला. "सरळ घेऊन तो काय करणार, उपाशी मरेल."

उत्तर चांगलं होतं. फोर्क घेतला.

वाक केसभर होता, तो मी प्रेसवर काढला. पुढचं काम मोठं होतं. नव्या फोर्कचे पाईप माझ्या मनगटाएवढे जाड, जुन्याचे अंगठ्याएवढे. नव्या टीचा खुंटा आमच्या गाडीच्या मानेत बसेना. तेव्हा जुन्या टीचा खुंटा प्रेसवर दाबून काढला, लेथवर त्याला एक बूड करून घेतलं आणि नव्या टीत दाबून बसवला. नवा फोर्क लांब होता, गाडी समोरून घोड्यासारखी उठायला लागली. म्हणून पाईप टीमधून बरेच वर काढून घेतले. पुढचं चाक जुनंच, त्याच्या ब्रेकला धरायला नव्या नळीवर जागा नव्हती, तिथे लोखंडी पट्टा करून आवळला.

टी पाईपला जिथे चावते तिथे एक अडचण होती. त्या आपटलेल्या गाडीत तिथला धातू थोडा पिचला होता. पाईप आवळला की एका बाजूलाच धरायचा. मी म्हटलं पत्र्याची पट्टी घालू. दादा म्हणाला, "सरक."

त्याने कारखान्यातून येताना डबीभर निळा रंग आणला होता. पाईपला तो बोटाने लावला, टीत घालून फिरवला, काढला. उंचवट्यांवर निळे ठिपके आले. मग लहान पातं घेऊन, टी मांडीवर धरून तो खरवडायला बसला. फोर्कच्या टीला कुणी स्क्रेपिंग करत नाही. कारखान्यात कुणी ऐकलं असतं तर हसले असते. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसायचा तो दुपारच्या जेवणाला उठायचा. मी लेथवर माझं काम करायचो, बाहेर तांबटांची ठोकठोक चालू असायची आणि आत त्याच्या पात्याची किस्स किस्स. आम्ही दोघं भाऊ एका छपराखाली असं काम लहानपणानंतर कधी केलं नव्हतं. मध्येच तो मूठ उघडायचा, मिटायचा, मनगट फिरवून बघायचा आणि परत सुरू करायचा.

शेवटी सबंध पृष्ठभागावर निळा रंग सारखा उमटला. पाईप असा बसला की आवळायच्या आधीच हलेना. वर, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, त्याने पात्याने चंद्रकोरींची ओळ काढली. कारखान्यात तयार झालेल्या पाटावर काढतात तशी.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"सही," तो म्हणाला.

चाचणीला आम्ही खराडीलाच गेलो. तिथे ओळखीचा एक इंजिनियर भेटला, कर्वेनगरला राहायचा, स्वतःची गाडी घेऊन सरावाला आला होता. त्याने खाली बसून फोर्क बघितला, हाताने दाबून बघितला. मग मागे गेला आणि मागचे शॉक, म्हणजे मागच्या चाकाच्या स्प्रिंगा, बघितले. ते जुनेच होते, मुळातले, बोटभर हालणारे.

"काका, फ्रंट एकदम मस्त केलंय. पण रिअर तसंच ठेवणार? बॅलन्स जाईल हो. पुढे एवढं ट्रॅव्हल, आणि मागे काहीच नाही."

दादा हेल्मेट चढवत म्हणाला, "मागे कुठे हात असतो?"

दादा हसला, मी हसलो, तो इंजिनियर पोरगाही हसला. उत्तर तोंडावर होतं आणि खरंही वाटत होतं. दादाला हात जपायचा होता आणि हात पुढे असतात.

त्याने दोन उड्या मारल्या. मी कान लावून होतो. टण्ण आलं नाही. फोर्क आत जायचा, सबंध जायचा आणि तेलात बुडाल्यासारखा हळू वर यायचा. दादा परत आला, हातमोजा काढला आणि उजवा हात माझ्यासमोर धरून मूठ उघडली, मिटली, उघडली.

"काही लागतच नाही रे," तो म्हणाला. "काही म्हणजे काही लागत नाही." चेहरा असा की मला दुसरीकडे बघावं लागलं.

घरी आल्यावर वहिनींनी मलाच विचारलं. दादा मोरीत हातपाय धूत होता. "हमी देता?"

"हाताची हमी माझी."

"लिहून नको मला," वहिनी म्हणाल्या. "लक्षात ठेवा फक्त."

शर्यतीला त्या आल्या. येणार नाहीत असं वाटलं होतं. छत्री उघडून उन्हात एका बाजूला उभ्या राहिल्या, पुतणीला त्यांनी आणलं नव्हतं. जुने बरेच आले होते. कुणाचं पोट सुटलेलं, कुणी गाडी मुलाकडून ढकलून आणलेली. एकमेकांच्या टकलांवर विनोद चालू होते. दादाचं नाव पुकारलं तेव्हा काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वहिनींकडे पाहिलं. त्या हँडलाकडे बघत होत्या.

मार्गावर एक मोठा ढिगारा होता, माथ्यावर सपाट. एका बाजूने चढायचं, माथ्यावरून उडत जाऊन पलीकडच्या उतारावर उतरायचं. उतारावर उतरलं की दणका कमी बसतो. उताराच्याही पुढे गेलं तर खाली सपाट, कडक जमीन. पूर्वी दादा त्या ढिगाऱ्याला यायचा तेव्हा माथ्याच्या जरा आधी त्याच्या मुठीतला गॅस कमी व्हायचा. मला तो आवाज पाठ होता. मनगट आपणहून मागे घ्यायचं.

पहिल्या फेरीत गॅस कमी झाला, पण जरासाच. दुसऱ्या फेरीत झालाच नाही. गाडी माथ्यावरून सुटली आणि उतार मागे टाकून पुढे गेली. लोक ओरडले. मी मात्र कान लावून होतो. पुढचं चाक सपाटीवर आलं, फोर्क आत गेला, तळापर्यंत गेला आणि आवाज आला नाही. त्या क्षणी मला आनंद झाला. खरं आहे म्हणून लिहितो. एवढ्या उंचीवरून आलेली गाडी, आणि टण्ण नाही.

मग मागचं चाक आलं. मागचे शॉक तळाला लागले आणि सगळा दणका त्यांनी जसाच्या तसा परत फेकला. सीट खालून दादाला लागली, तो हँडलावरून पुढे उजव्या बाजूला गेला आणि गाडी त्याच्या कमरेवर येऊन पडली.

वहिनी माझ्या आधी पोचल्या. छत्री उघडीच माळावर गडगडत होती.

दवाखाना तोच, पण डॉक्टर दुसरा. उजवा खुबा मोडला होता, वाटीच फुटली होती. मनगटाचं जुनं दुखणं मी सांगितलं म्हणून त्याने हाताचाही फोटो काढवला. बाहेर येऊन तो वहिनींना म्हणाला, "पायाचं बघावं लागेल, वेळ लागेल. हाताला मात्र काही झालेलं नाही. ओरखडासुद्धा नाही."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "हात वाचवलात, भाऊजी," म्हणाल्या. चहा झाला का विचारावं अशा आवाजात. पुढे कित्येक वर्षं त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

पाय जुळला तो आखूड जुळला. काठी घेऊन दादा कारखान्यात गेला. फोरमन चांगला माणूस, त्याने अजून कुणाला ठरवलं नव्हतं, वाट बघितली होती. दादाला पाटाशी उभं केलं, पातं दिलं. दादाने दांडा कमरेच्या खोबणीत टेकवला, हातांनी पातं दाबलं आणि अंग पुढे लोटलं. अंग गेलं नाही. खुब्यातून काही आलंच नाही. त्याने डाव्या कमरेला दांडा लावून बघितलं. आडवं उभं राहून बघितलं. तळेगाववाला बाजूला उभा होता तो बाहेर निघून गेला, म्हणे त्याला बघवेना. दादाने हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना शेवटी म्हणाला, "हात नुसता धरतो रे. ढकलते कंबर."

एवढी वर्षं तो ते काम करत होता आणि आम्ही सगळे हात हात करत होतो.

निवृत्तीच्या कागदावर त्याने सही केली. झोकात केली असणार. हात चांगला होता.

नंतर लोक बोलले. मागचे शॉकही करायला हवे होते म्हणाले. वस्तीत बोलले, दुकानात येऊन बोलले, त्या इंजिनियरने मात्र कधी तोंडातून शब्द काढला नाही, तो शहाणा निघाला. मी सगळ्यांना एकच सांगितलं आणि आजही सांगतो. मला फोर्कचं काम दिलं होतं, फोर्कने फोर्कचं काम केलं. त्यात खोट दाखवा, मी दुकान बंद करतो. कुणी दाखवली नाही. दुकान पुढे बंद झालं ते दुसऱ्या कारणाने. वाकलेला फोर्क सरळ करण्यापेक्षा नवा घालणं लोकांना सोपं वाटायला लागलं.

वहिनींचं म्हणणं मात्र मी कधी खोडलं नाही. त्या फोर्कबद्दल बोलल्याच नव्हत्या. भीतीबद्दल बोलल्या होत्या. मनगट दुखायचं तेव्हा त्याचा गॅस कमी व्हायचा, आणि गॅस कमी झाला की बाकीचा माणूसही वाचायचा. हे माझ्या प्रेसवर मोजता येत नाही.

दादाने विश्रांतवाडीतल्याच एका सोसायटीच्या फाटकावर खुर्ची घेतली. कॉम्प्युटरवाली पोरं सकाळी गाड्या काढायची, हा उजव्या हाताने फाटक लोटायचा. बसल्या जागेवरून जेवढं लोटता येईल तेवढं. उरलेलं ती पोरं हॉर्न वाजवून स्वतः उतरून लोटायची. खराडीला काचेची इमारत झाली. पुतणी शिकली, नोकरीला लागली, तिने आईबापांचं केलं. गाडी माझ्या दुकानात गोणपाटाखाली पडून होती.

दुकान अजून चालू होतं तेव्हाच जुन्या गाड्यांची हौस आली. पगार मोठे, आणि बापाच्या वेळची गाडी दिवाणखान्यात हवी. एकजण दादाच्या गाडीसाठी आला, आणि त्याला ती अगदी मुळात होती तशी हवी होती. दिवा, मडगार्ड, फोर्क, सगळं मूळचं. बाकीचं तो शोधणार होता. जुना फोर्क माझ्या भिंतीवर होता, कारण काढलेला भाग मी टाकत नाही, तेल लावून टांगतो.

मी नाही म्हणणार होतो. गाडी आम्हा दोघांची, आणि बसवलेला फोर्क काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. तेव्हा वहिनी दुसऱ्यांदा दुकानात आल्या. बरोबर दादा, रिक्षातून. या वेळी त्या स्टुलावर बसल्या. गुडघे गेले होते.

"भाऊजी, जुना फोर्क बसवा."

"तो आपटतो, वहिनी."

"आपटू दे. कोण बसणार आहे त्यावर? दिवाणखान्यात ठेवणार आहेत."

दादा खोक्यावर बसला, काठी भिंतीला लावली. मी पाने घेऊन टी सैल केली. इतक्या वर्षांनी पाईप सहज निघेल असं वाटलं होतं, पण टीने तो सोडला नाही. लाकडी हातोडीने हळूहळू काढावा लागला. टी मोकळी झाली तशी मी ती कापडाने पुसली. वरच्या चंद्रकोरी तशाच होत्या.

"दे इकडे," दादा म्हणाला.

त्याने अंगठ्याने आतून टी चाचपली. मग म्हणाला, "डबी आहे का रे?"

डबी होती. रंग वाळून पोपडा झाला होता. मी त्यात दोन थेंब तेल घालून काडीने ढवळलं. दादाने बोट बुडवून पाईपला रंग लावला, पाईप टीत घातला, फिरवला, काढला आणि टी उजेडाकडे धरली. आतून सबंध निळं उमटलं होतं, सारखं, कुठे रिकामं नाही, कुठे दाट नाही.

"बघ," तो मला म्हणाला. "अजून बसतंय."

मी बघितलं. वहिनींनी दाराबाहेर बघितलं.

दादाने टी माझ्या हातात दिली, आणि निळा अंगठा आखूड पायाच्या पँटला पुसला. वहिनींनी तो डाग पाहिला. उठल्या, त्याची काठी भिंतीपासून घेतली आणि त्याच्या डाव्या हातात दिली.